ओळख न देणारी बाई

बाजाराच्या दिवशी ती माझ्या समोरून गेली आणि तिनं मला ओळखलं नाही. हातभर अंतर होतं. तिच्या पिशवीतून बाहेर आलेली कांद्याची पात माझ्या मनगटाला घासली. मी तोंडभर हसून "नमस्कार बाई" म्हणाले, तर ती भिंतीकडं बघावं तशी माझ्याकडं बघत पुढं गेली आणि वांगीवाल्याशी भांडायला लागली. दोनच दिवसांपूर्वी ह्याच बाईनं दवाखान्यात माझी पाठ चोळली होती, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं होतं. मी खोलीवर येऊन रडले. आपल्यासारख्याला आत ओळखतात, चारचौघांत ओळखत नाहीत, असं मनानं घेतलं.

पुढच्या खेपेला गोळ्या घ्यायला गेले तेव्हा मी मान वर केली नाही. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

"फुगून बसली काय? बाजारात काऊन बोलली माह्यासंग?"

"नमस्कारच तर केला."

"कायले करतं नमस्कार? पाहणाऱ्यानं म्हटलं, थुंकीवाल्या बाईची अन् हिची कायची वळख, त काय सांगशीन? मी दवाखान्याच्या बाहेर कोणाले वळखत नाही. माह्या सख्ख्या भावालेबी नाही. त्यानंबी गोळ्या घेतल्या असतीन, नसतीन. तुले काय करायचं?"

अशी ती. आणि तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिच्याच नियमानं लिहायला पाहिजे. म्हणून मी ह्यात कुणाचंच नाव घालत नाही. तिचं नाही, माझं नाही, गावाचंही नाही. सौंदडला रेल्वेतून उतरून पुढं जावं लागतं, आजूबाजूला सगळे धानाचे बांध, एवढं पुरे. दोनचार खुणा मी जाणूनबुजून बदलल्यात. वाचताना कुणी ओळखीचं वाटलं तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

मी ज्वारीच्या मुलखातली. आठवीत शाळा सुटली, म्हणजे सोडवली. लग्न झालं, नवरा जेसीबी चालवणारा, ठेकेदार नेईल तिकडं जायचं. असं करत करत आम्ही महाराष्ट्राच्या पार ह्या टोकाला आलो. त्याला चोरखमारा तलावाकडं कालव्याचं काम मिळालं, मी एका राइस मिलमध्ये झाडझूड आणि पाखडायला लागले. इथली भाषा मराठीच, पण पहिले सहा महिने मला अर्धी कळायची नाही. कुणी "कायले आली?" म्हटलं की मला वाटायचं हाकलतायत. माझा जीव मुळात लहान. दार जोरात वाजलं तरी मी कोपऱ्यात सरकते. परक्या मुलखात खोकला लागला तेव्हा मी तो चार महिने पदरात दाबून ठेवला. मिलमध्ये भुश्शाची धूळ असतेच, सगळ्याच खोकतात, असं सांगत राहिले. मग एक दिवस पदराला लाल डाग दिसला.

सरकारी दवाखान्यात एका कोपऱ्यातल्या खोलीत ही बाई बसायची. थुंकी तपासायची तीच, गोळ्या द्यायचीही तीच, कारण दुसऱ्या माणसाची जागा कित्येक वर्षं भरलेलीच नव्हती. बुटकी, काळीसावळी, पुरुषी मोठं घड्याळ उजव्या हातात, आणि बारमाही छत्री. आवाज असा की पलीकडच्या वळणावरची बस थांबावी. त्या आवाजात ती सगळ्यांना बोलायची: डॉक्टरला, शिपायाला, वेळेवर न आलेल्या पेशंटला. "तीन दिवस गोळ्या चुकवल्या! मराची घाई हाय काय बाप्पा?" हे वाक्य मात्र दार लावून. रोगाचं नाव निघायचं झालं की तो आवाज कुठं जायचा कुणास ठाऊक. ओठ हलताना दिसायचे, ऐकायला पुढं वाकावं लागायचं.

तिचं रजिस्टर हा सगळ्या दवाखान्याच्या थट्टेचा विषय होता. लांबरुंद, जाड, उशीच्या जुन्या अभ्र्यात घातलेलं. ते ती खुर्चीवर ठेवायची आणि त्यावर बसायची. खरोखर बसायची. काही लिहायचं असलं की उठायची, काढायची, लिहायची, परत घालून बसायची. जेवायला जाताना बगलेत. शिपाई म्हणायचा, "बाई, अंडे उबवून राहिल्या काय?" ती म्हणायची, "हाव. अन् तुहं अंडंबी हाय याच्यात, गप राह्य." त्याचं होतं की नव्हतं, देव जाणे, पण तो गप बसायचा. नंतर मला कळलं की असं ती प्रत्येकाला म्हणायची, अगदी ज्याला साधं पडसंही झालं नाही त्यालासुद्धा.

पहिल्या दिवशी मी बाहेर थांबले होते. तपासणीला दिलं होतं, निकाल यायचा होता. एवढ्यात आतून आवाज आला, "लुचई! लुचई कोण हाय?" मी इकडंतिकडं बघितलं. मग माझ्या हातातला पुठ्ठ्याचा तुकडा आठवला, जो तिनं सकाळी दिला होता आणि ज्यावर खरंच लुचई लिहिलं होतं. मला वाटलं होतं औषधाचं नाव असेल. लुचई ही धानाची जुनी जात, हे मला ज्वारी खाणारीला कुठून माहीत? माझ्या शेजारी चिन्नोर बसला होता, पलीकडं दुबराज, तीही धानाचीच नावं. कुणाला खरं नाव घेऊन हाक मारायची नाही, म्हणून तिनं हे पुठ्ठे केले होते. नंबर का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "नंबर कैद्याले रायते."

आत गेल्यावर दार लावून तिनं मला काय झालंय ते सांगितलं. मी विचारलं, मरणार का. "मरशीन, सारेच मरतेत. पण याच्यानं नाही. सहा महिने गोळ्या खाय." मग पुढं वाकून, "लघवी लाल-नारंगी होईन, घाबरू नको, गोळीचा रंग हाय. तीन आठवडे मिलमंधी जाऊ नको, खोलीत खिडकी उघडी ठेव, तोंडाले रुमाल बांध. नवऱ्याले घेऊन ये, त्याची तपासणी कराची हाय. त्याले मी सांगू का तू सांगतं?" कुणीतरी मला विचारत होतं, की माझी गोष्ट कुणी सांगायची. आयुष्यात असं पहिल्यांदा झालं. शाळा सोडवताना विचारलं नव्हतं, लग्न ठरवताना विचारलं नव्हतं.

"मी सांगते," म्हणाले. आणि सांगितलं. नवरा बिचारा दोन दिवस तोंड चुकवत राहिला, तिसऱ्या दिवशी अंडी घेऊन आला. त्याच्यात काही निघालं नाही. मिलमध्ये बाईनं दिलेली चिठ्ठी दाखवली. तीत फक्त लिहिलं होतं, "विश्रांतीची गरज आहे." कशानं, ते नाही. मुकादमानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मागं काहीच नव्हतं.

तिच्या बाकाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. तिच्या खोलीबाहेर एक बाक होता आणि त्यावर बसलेल्याला सगळा गाव ओळखायचा. त्या बाकावर बसणं म्हणजे कपाळावर लिहून घेणं. बायका उन्हात उभ्या राहायच्या, पण तिथं बसायच्या नाहीत. तिनं काय केलं, तर दवाखान्यातले बाकीचे तीन बाक, मोठे डॉक्टरसाहेब रजेवर असताना, मागच्या खोलीत टाकले आणि कुलूप लावलं. आता कुत्रा चावलेला, पोटुशी बाई, ताप आलेलं पोर, पाय मुरगळलेला, सगळे त्या एकाच बाकावर. साहेब परत आले तर बाकावर एका बाजूला सरपंच बसलेले, दुसऱ्या बाजूला दुबराज. साहेब भडकले. ती म्हणाली, "बाकी बाकाईले ढेकूण झाले, सर." ते ढेकूण दोन वर्षं मेले नाहीत.

आणि तो आलुबोंडा! ऐन बाजारात एका ठेल्यावर तिनं आलुबोंडा घेतला. तेलकट कागद उलगडला, तर तो आमच्याच दवाखान्याचा. नाव, वय, गाव, आणि खाली एका बाईच्या गरोदरपणाच्या तपासणीचा निकाल. कुणीतरी जुने कागद रद्दीत घातले होते. बाजारात एकाला भूक लागते आणि दुसरीचं पोट उघडं पडतं, ह्याची लाज कुणालाच वाटत नव्हती. तिनं ठेल्यावरची ती सगळी थप्पी उचलली. ठेलेवाला ओरडायला लागला, "बाई, मी बांधू कायमंधी?" हिनं स्वतःचा टिफिन त्याच्यापुढं आदळला. "याच्यात टाक. ज्याले लागतीन त्यानं इथंच उभ्या उभ्या खावे." त्या दिवशी निम्म्या बाजारानं तिच्या डब्यात हात घालून आलुबोंडे खाल्ले. कागद तिनं चुलीत घातले, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तो तेलकट रिकामा डबा ठेवून आली. साहेबांनी डबा शिपायाकडं दिला, धुवायला.

मी हे हसत हसत लिहितेय, पण पुढचं लिहिताना अजून राग येतो.

माझे तीन आठवडे झाले. तपासणीत थुंकी साफ निघाली, मी मिलमध्ये परत लागले, गोळ्या चालूच होत्या. वजन वाढायला लागलं होतं. त्या वेळी बाहेरच्या एका मंडळानं ठरवलं की आमच्यासारख्या पेशंटांना पौष्टिक खाऊ द्यायचा. शेंगदाणे, गूळ, डाळ, तेल. चांगली गोष्ट. मी कोण नावं ठेवणार? पण त्यांना मांडव पाहिजे होता, माईक पाहिजे होता, आणि हातात टोपली घेतलेल्या प्रत्येकाचा फोटो पाहिजे होता. त्यासाठी नावांची यादी.

बाई नाही म्हणाली. टोपल्या माझ्या खोलीत ठेवा, जो तो घेऊन जाईल, म्हणाली. मंडळाचा माणूस गोंदियाचा, हिंदीत म्हणाला, "मॅडम, फोटो नहीं तो देनेवाले को क्या दिखाएँगे?"

"देनेवाले को बोलो, पुण्य दिखता नहीं," ती म्हणाली. हे मी बाईच्या खोलीत बसून ऐकलंय.

साहेबांनी तिला बोलावलं, समजावलं, दटावलं. ती रजिस्टरवर बसून राहिली. पण रजिस्टरवर बसून काय होतंय? तीच नावं बाजूच्या खोलीतल्या कॉम्प्युटरातही होती, कारण वर पाठवावी लागायची. साहेबांनी तिथल्या ऑपरेटरला सांगितलं. त्यानं पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, जिथं लाइट जाणार, नळ येणार, हरवलेली म्हैस असल्या सूचना येतात. वर लिहिलं होतं: खालील सर्व लाभार्थ्यांनी उपस्थित राहावे, कोणीही वंचित राहू नये.

कोणीही वंचित राहू नये! कुणीच राहिलं नाही. आम्ही सगळे उघडे पडलो. नाव, नवऱ्याचं नाव, वय, पत्ता, औषध कधी सुरू झालं ते. हे काही कुणी दुष्टपणानं केलं नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. दुष्टावर ओरडता तरी येतं. हे सगळे हसतमुख, हातात शेंगदाण्याची टोपली घेऊन उभे. आमचं भलं करताना त्यांनी आम्हाला एकदा विचारलं असतं, तर त्यांचं काय जाणार होतं?

दुपारपर्यंत मुकादमानं मला बोलावलं. फार गोड बोलला. "तुह्या तब्येतीसाठीच सांगून राहिलो बाई. आराम कर." मी म्हणाले, मी बरी झालेय, साफ निघालंय. "हाव हाव," म्हणाला आणि दोन पावलं मागं सरकला.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी माझा कप वेगळा केला. त्यांना मी काकू म्हणायचे. तोवर आमचं बरं होतं. संध्याकाळचा चहा त्या करायच्या, मी त्यांची भाजी निवडायचे. त्या दिवशी फळीवर सगळे कप, आणि माझा तेवढा खाली न्हाणीच्या दगडावर पालथा. त्या म्हणाल्या, "महिना संपेपर्यंत दुसरी खोली पाहून घ्या." नवरा कामावर, माहेर दीड दिवसाच्या रेल्वेवर, तिथंही हे कळलं तर दार उघडेल की नाही ठाऊक नाही. आणि गोळ्या अर्ध्यात. गाव सोडलं तर गोळ्या सुटतील, गोळ्या सुटल्या तर रोग उलटेल, हे बाईनं किती वेळा बजावलं होतं. ती खोली गेली असती तर माझं काय काय गेलं असतं, ते मी त्या दगडावरच्या कपाकडं बघत मोजत बसले.

सकाळी बाईकडं गेले. ती आधीच ऑपरेटरशी भांडून आली होती. तो म्हणे, "डिलीट कर दिया ना, अब क्या है?" लोकांच्या डोळ्यांतून कसं डिलीट करणार होता तो? तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं, छत्री कोपऱ्यात पडलेली.

आणि मी काय केलं, तेही लिहायलाच पाहिजे. गल्लीत एक कुजबूज होती, की काकूंच्याही घरात कधीकाळी कुणीतरी ह्या बाईच्या गोळ्या खाल्ल्यात. खरं खोटं माहीत नाही. मी बाईचे पाय धरले आणि म्हणाले, "तुमच्या रजिस्टरात त्यांच्या घराचं पान असेल तर बघा. मला एवढं कळू द्या. एकदा त्यांच्या तोंडावर म्हणते, मग बघू कोण कुणाला काढतंय."

तिनं पाय झटकन मागं घेतले. मला वाटलं मारते.

"उठ. उठ आधी! तुहं झाकलं तवा गोड लागलं, आता दुसऱ्याचं उघडू?"

"पण माझं उघडलं ना त्यांनी!"

"मी उघडलं काय? मी?" आवाज एकदम फाटला. मग पहिल्यांदाच, रोगाचं नाव काढताना जसा यायचा तसा बारीक आवाज आला. "तिचं पान हाय का नाही, हेबी मी सांगत नाही. नाही म्हणून सांगितलं तरी ते सांगणंच झालं. कळलं?"

नव्हतं कळलं. मी चिडून निघाले. जाताना म्हणाले, "तुमच्या नियमापायी मी रस्त्यावर येते." तिच्याबद्दल आज इतकं लिहितेय, पण त्या दिवशी तिचा मला त्या ऑपरेटरपेक्षाही जास्त राग आला होता.

तिसऱ्या प्रहरी ती आमच्या दारात उभी. छत्री, घड्याळ, बगलेत अभ्र्यातलं रजिस्टर. जी बाई बाजारात ओळख देत नव्हती, ती पेशंटाच्या घरी आली होती. गल्लीतली चार दारं किलकिली झाली. तिनं त्यांच्याकडं बघून मोठ्यांदा सांगितलं, "डासाच्या अळ्या पाहून राहिली! साऱ्याईच्या घरी येणार हाय, पाणी झाकून ठेवा!" आणि त्या दिवशी ती खरंच गल्लीतल्या प्रत्येक घरी रांजणात डोकावून आली, असं नंतर कळलं.

काकूंनी तिला बघितलं आणि हातातलं सूप झटकन खाली ठेवलं. तिनं अंगणातला रांजण बघितला, टाकी बघितली, मग पायरीवर रजिस्टर ठेवलं आणि त्यावर बसली.

"चहा टाक वो. पाय दुखून राहिले."

काकूंनी चहा केला. फळीवरचा कप काढायला हात वर नेला, तर बाई म्हणाली, "तो नाही. तो दगडावरचा दे."

"तो... तो वेगळा ठेवला हाय."

"दिसून राहिलं मले. तोच दे."

त्या कपात तिनं चहा घेतला. फुंकर मारत, आवाज करत, सावकाश. कप रिकामा करून पुढं धरला, "अजून अर्धा." मी उंबऱ्यात उभी.

काकूंना राहवलं नाही. "बाई, घर माहं हाय. हिले काय झालं, किती झालं, मले सांगाच लागन. मोबाईलवर त सारं आलंच हाय."

"तिलेच विचार. ती सांगन त सांगन."

"तुम्हाले माहीत हाय ना पण?"

बाईनं कप खाली ठेवला. काकूंच्या तोंडाकडं सरळ बघितलं. रागानं नाही, आवाजात दटावणीही नव्हती. खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखं तिनं विचारलं:

"उद्या कोणी माह्याकडं आलं, अन् तुह्या घरचं विचारलं, त मी काय सांगू?"

काकू खाली बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"काहीच नका सांगू."

"मंग?" बाई म्हणाली. उठली, रजिस्टर बगलेत घेतलं, आणि माझ्याकडं न बघता शेजारच्यांच्या अळ्या बघायला गेली.

काकूंनी तो कप उचलला. राख लावून घासला, धुतला, पुसला, आणि फळीवर इतर कपांच्या मधोमध ठेवला. खोलीचा विषय परत निघाला नाही. मी गल्लीतल्या कुजबुजीचा विषय कधी काढला नाही. माझ्या गोळ्या पुऱ्या झाल्या. आज मी त्याच खोलीत शिवणकाम करते.

आणि त्या प्रकरणाचं काय झालं? ऑपरेटरला काही झालं नाही. साहेबांना काही झालं नाही. मंडळाचे फोटो निघाले, मी गेले नाही, पण ज्यांना ते शेंगदाणे खरंच पाहिजे होते ते गेले, आणि टोपली धरून हसले. काही झालं ते बाईला. तिला नोटीस आली: वरिष्ठांच्या कामात असहकार, रुग्णांचे बाक विनापरवानगी हलवणे. बाकसुद्धा आठवणीनं काढला! ज्यांनी आमची नावं चव्हाट्यावर मांडली ते सहकार्य करणारे, आणि जिनं ती झाकली ती असहकारी. हे ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद तरी कुणी आलुबोंड्याला वापरावा, असं मला वाटत आलंय.

नंतर थोड्याच काळात ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी दवाखान्यात निरोप समारंभ होता. मी सकाळपासून नवं पातळ काढून बसले होते, आणि नेसले नाही. तिथं जायचं म्हणजे समोर बसायचं. समोर कोण बसणार? तिचे पेशंट. म्हणजे परत तोच बाक. माझं तर उघड झालेलंच होतं, तरी पाय निघेना. शेवटी घरच्याच लुगड्यात निघाले आणि दवाखान्याच्या फाटकासमोरच्या झाडाखाली थांबले. आतला माईक बाहेर ऐकू येत होता.

साहेबांचं भाषण चाललं होतं. "बाईंनी पुष्कळ वर्षं सेवा केली. पण खंत वाटते, की आज त्यांच्या एवढ्या पेशंटपैकी एकही इथं आलेला नाही. स्वभाव जरा मऊ असता, तर आज हा हॉल भरला असता."

मला वाटलं आत जावं आणि तो माईक उपटावा. मग मी बाजूला बघितलं.

फाटकासमोरच्या रस्त्यावर त्या दुपारी भलतीच गर्दी होती. चहाच्या टपरीवर दहाबाराजण एकेक कप धरून उभे, चहा संपलेला. एक म्हातारा सायकलच्या टम्म फुगलेल्या चाकात हवा भरून घेत होता. बस थांब्यावर बायका उभ्या होत्या. बस आली, थांबली, गेली, आणि कुणीच चढलं नाही. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आणि हातगाडीपाशी रिकामी पिशवी घेऊन काकू उभ्या होत्या.

बाई बाहेर आली. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात छत्री. बगल रिकामी, रजिस्टर जमा केलेलं. ती आमच्यामधून चालत गेली. टपरीकडं बघितलं नाही, थांब्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं नाही, काकूंकडं नाही. एकालाही ओळख दिली नाही. नेहमीपेक्षा जरा हळू चालत होती, एवढंच.

ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी काकूंजवळ गेले.

"तुम्ही इकडं कुठं?"

"मेथीले आली होती," काकू म्हणाल्या.

हातगाडीवर नुसते भोपळे होते.

"मी पण मेथीच बघत होते," म्हणाले, आणि आम्ही दोघी घरी आलो.